पायरीवरचे बूट

(मसाका गावचं वाचनालय, दुपारचे साडेतीन. मागच्या अंगाला जुनी पुस्तकं ठेवायची खोली, तिचं दार आतून लावलेलं. आत एसेझा, बाहेर मुवोंगे मास्तर. पलीकडच्या सभागृहात बायकांच्या कथावाचनाचा कार्यक्रम चालू आहे.)

मुवोंगे : ...बरं, निदान कडी तरी काढा बाई. मी आत येत नाही. नुसतं बोलू.

एसेझा : बोलायला कडी कशाला काढायला हवी? दार पातळ आहे. ऐकू येतंय मला.

मुवोंगे : तुमच्या आधी एकच जण आहे आता. केसांच्या दुकानातली प्रॉसी. ती विग चोरीला गेल्याची गोष्ट वाचतेय. ऐका, लोक कसे हसतायत.

एसेझा : हसू देत. ती संपली की पुढचं नाव घ्या. माझं गाळा.

मुवोंगे : पुढचं नाव नाहीच मुळी. चौघीच तर आहात. बावन्न जणींनी कथा पाठवल्या, त्यातून आम्ही चार निवडल्या. आजवर एक ओळ न छापलेल्या चार बायका. नान्तुमेबाई, लोक लांबलांबून आलेत. एक आजी तर क्यानामुकाकाहून बोडाबोडाच्या मागं बसून आलीय.

एसेझा : क्यानामुकाकाहूनच मीही आले. मोटारसायकलवरच. म्हणून काय झालं?

मुवोंगे : म्हणून एवढं आल्यासारखं वाचून जा.

एसेझा : माझे हात थरथरतायत.

मुवोंगे : पहिल्यांदा वाचताना सगळ्यांचेच थरथरतात. मघाशी पहिली वाचायला उभी राहिली ती मुख्याध्यापिका. तीस वर्षं पोरांना धडे वाचून दाखवलेली बाई, तिचा चष्मा दोनदा खाली पडला.

एसेझा : तसलं थरथरणं नव्हे हे. चाळीस वर्षं मी बाळंतपणं केलीत मास्तर. पायाळू मुलं काढलीत, जुळी काढलीत. तेव्हा हे हात हलले नाहीत. आज तीन वाजून बारा मिनिटांनी हलायला लागले.

मुवोंगे : वेळ सांगायची खोड काही जात नाही तुमची. कथेतही तेच. 'सकाळी सात दहा.' 'अकरा पाच.' मी तीनदा लिहिलं होतं समासात, वेळा काढून टाका म्हणून.

एसेझा : आणि मी तीनदा लिहिलं, राहू द्या. सुईणीच्या वहीत वेळ लिहिलेली नसेल तर मूल कधी झालं ते आईसुद्धा सांगू शकत नाही.

मुवोंगे : राहू दिलं की मग. तुमच्यापुढं कोण टिकतंय. तीन महिने तुमच्या कथेवरनं आपण भांडतोय, आणि आज तुम्ही समोर येणार म्हणून मी सकाळपासून खुशीत. तर तुम्ही पुस्तकांत जाऊन बसलात.

एसेझा : मला काय ठाऊक होतं समोर कोण येणार आहे. रेडिओवर सांगितलं, कथा वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा. मी पाठवली. उत्तर आलं लाल शाईत, खाली नुसतं 'संपादक'. मला वाटलं असेल कुणी कंपालाहून आलेला साहेब.

मुवोंगे : साहेब कसला. शाळामास्तर आहे मी. आणि लाल शाईबद्दल माफी मागतो. तपासायच्या वह्यांचीच शाई ती.

एसेझा : सोलून काढलंत मला त्या शाईनं. पहिल्या वेळी कागद उघडला तर वाटलं, कुणाला तरी रक्तस्राव झालाय.

मुवोंगे : पण कथा सुधारली की नाही?

एसेझा : सुधारली. खोटं कशाला बोलू.

मुवोंगे : फक्त शेवट नाही. छापलेल्या पुस्तिकेत तुमचं शेवटचं अर्धं पान कोरं आहे बाई. मी छापखान्यात सांगितलं, कोरंच राहू दे, त्या येऊन तोंडानं सांगतील. लोक मघापासून ते कोरं पान उलटून बघतायत आणि एकमेकांना विचारतायत.

एसेझा : शेवट मला माहीत नाही. माहीत असता तर लिहिला नसता का?

मुवोंगे : मी विचारलेला प्रश्न तर सोपा होता.

एसेझा : तो प्रश्न मला पाठ आहे. 'ही आई उन्हात ताटकळत उभी आहे. आत मुलगी आजारी आहे. मग हा जावई तासभर घराबाहेर का जात नाही? वाचकाला कळलं पाहिजे. शिवाय ह्या माणसाला चेहराच नाही. नुसते बूट आहेत. त्याला चेहरा द्या.'

मुवोंगे : अक्षर न् अक्षर पाठ आहे की. मग का नाही दिला चेहरा?

एसेझा : मास्तर, मागच्या पायरीवर एक बुटांचा जोड आहे. तुमचाच ना?

मुवोंगे : हो. सभागृहात नव्या चटया टाकल्यात, बायका खाली बसल्यात. म्हणून काढून ठेवले. का? वाटेत येतायत का?

एसेझा : तपकिरी बूट. उजव्याला तपकिरी नाडी, डाव्याला काळी.

मुवोंगे : जुनेच आहेत हो. तीनदा तळवे बदललेत. पोरं शाळेत चिडवतात मला त्या नाडीवरनं. पण तुम्ही बूट कशाला बघत बसलात?

एसेझा : ती काळी नाडी माझ्या घरातली आहे. माझ्या नवऱ्याच्या चर्चला जायच्या बुटाची. तो गेल्यावर माझी पोर लोविन्सा काढून घेऊन गेली, म्हणाली, ह्यांची तुटलीय. गेलात का?

मुवोंगे : नाही. इथंच आहे. आई?

एसेझा : मागं सरा आधी.

मुवोंगे : सरलो. चार पावलं. पाठसुद्धा फिरवली.

एसेझा : दार मध्ये आहे, पाठ फिरवायची गरज नाही. पण फिरवलीत ते बरं केलंत.

मुवोंगे : तुम्ही तर एसेझा नालुबेगा. मग नान्तुमे कोण?

एसेझा : माझी आजी. तिला लिहिता येत नव्हतं. म्हटलं, तिचं नाव तरी छापून येऊ दे.

मुवोंगे : म्हणजे तीन महिने मी माझ्या सासूला समासात लिहीत होतो. 'हे वाक्य लंगडं आहे.' 'इथं रडारड फार झाली.' देवा रे.

एसेझा : 'ही म्हातारी जरा कमी बोलली तर बरं' असंही लिहिलं होतंत.

मुवोंगे : ते कथेतल्या म्हातारीबद्दल होतं.

एसेझा : कळतं मला. आता माझे हात का थरथरतात तेही कळलं असेल. तीन महिने ज्या कागदांना तुमचे हात लागले त्याच कागदांना माझे लागले. वर दोघांनी त्याच कागदावर भांडण केलं. आता सत्तर माणसांपुढं उभी राहीन, कागद असा फडफडेल, आणि पुढच्या चटईवरची पहिली बाई दुसरीच्या कानात सांगेल, सासू-जावयानं जवळ यायचं नाही, ती मर्यादा मोडली हिनं, ओबुको लागलाय, थरथरायचा रोग, बघ हात. इथं सगळ्यांना ठाऊक आहे मी कुणाची सासू ते.

मुवोंगे : आई, तुम्ही सरकारी दवाखान्यात काढलीत चाळीस वर्षं. कागदातून कधी रोग जातो का?

एसेझा : दवाखान्यात मी मानत नव्हते. घरी मानत होते. दोन्ही जमायचं मला. आजच जमत नाहीये.

मुवोंगे : मग मी निघून जातो. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत बसतो. लोविन्सा नाव पुकारेल, तुम्ही वाचा. तुमचं वाचन झालं की येईन. मला ऐकायला मिळणार नाही एवढंच.

एसेझा : आज बरे लगेच निघालात.

मुवोंगे : म्हणजे?

एसेझा : काही नाही. जा.

मुवोंगे : नाही, असं अर्ध्यात नाही सोडायचं. संपादक म्हणून विचारतो. 'आज' म्हणजे काय?

एसेझा : संपादक म्हणून विचारताय ना, मग संपादकालाच सांगते. त्या कथेतलं बेट खोटं आहे. कोळ्याची वस्ती खोटी आहे. मुलीला ताप आलाय तेही खोटं. त्या जावयाचे गमबूट तर खोटेच. खरे बूट पायरीवर पडलेत. सहा वर्षं झाली. एप्रिल महिना, मंगळवार. तुमचं बाळ गेलं त्याचा तिसरा दिवस. लोविन्साला दवाखान्यातून घरी आणलेलं. मी दोन गाड्या बदलून आले. अकरा पाचला तुमच्या फाटकाशी पोचले. पायरीवर हे बूट होते. म्हणजे तुम्ही घरात. मी फणसाखाली जाऊन उभी राहिले.

मुवोंगे : अंगावर हिरवी गोमेसी होती तुमच्या.

एसेझा : तुम्ही बघितलंत मला?

मुवोंगे : खिडकीतून.

एसेझा : बघितलंत. मला वाटायचंच. हाक मारली असती तर तुम्हालाच दारात यावं लागलं असतं, म्हणून मी हाक मारली नाही. म्हटलं, शहाणा माणूस आहे, मला बघेल आणि बाजाराचं निमित्त करून तासभर निघून जाईल. सगळे जावई तसंच करतात. त्यात सांगावं लागत नाही कुणाला. मी पायरीकडं बघत राहिले. बूट हलले नाहीत. बारा वाजले, एक वाजला. माझी पोर आत, पोटात काही नाही, मांडीवर काही नाही, आणि मी, गावातल्या निम्म्या पोरांची नाळ कापलेली बाई, फणसाखाली. तीन पन्नासला शेवटची गाडी होती. गेले मी. तेव्हापासून हाच प्रश्न आहे माझा. तुम्ही लाल शाईत विचारलात त्याच्याआधी सहा वर्षं मी रोज विचारतेय. हा माणूस बाहेर का आला नाही?

मुवोंगे : आलो होतो.

एसेझा : बूट पायरीवर होते.

मुवोंगे : मागच्या दारानं गेलो आई. पुढून आलो असतो तर बूट घ्यायला तुमच्या नजरेसमोर वाकलो असतो. तुम्हाला तोंड फिरवायला लागलं असतं, त्या तसल्या दिवशी. म्हणून तसाच अनवाणी गेलो. स्वयंपाकाच्या खोपीमागं केळी आहेत ना, तिथं बसलो.

एसेझा : किती वेळ?

मुवोंगे : तुमच्यासारखं घड्याळ नाही बघितलं मी. शाळेची चारची घंटा झाली तेव्हा उठलो. समोर येऊन बघितलं तर तुम्ही गेलेल्या होता. म्हटलं, बरं झालं, पोटभर बसल्या असतील.

एसेझा : मी आत गेलेच नाही.

मुवोंगे : आता कळतंय मला. तेव्हा मला वाटलं, तुम्ही आत आहात. आवाज येत नव्हता, तर वाटलं दोघी गप्प बसल्या असतील, नाहीतर तुमच्या मांडीवर झोप लागली असेल तिला. मी केळीत बसून स्वतःशीच म्हणत होतो, मला नाही जमलं तिला धीर द्यायला, आईला जमेल. आई, मी दर नाताळला साखर आणि साबण पाठवतो ना तुम्हाला, ते त्या दुपारचे आभार म्हणून पाठवतो.

एसेझा : आणि मी ती साखर शेजारणीला देऊन टाकते. दर वर्षी. एक चमचा चहात घातली नाही. थांबा. तुम्ही मागं. मी पुढं. अकरा पाच ते तीन पन्नास.

मुवोंगे : पावणेपाच तास.

एसेझा : मग तिच्याजवळ कोण होतं? मास्तर, तिच्याजवळ कोण होतं?

मुवोंगे : कोणीच नाही.

एसेझा : तिनं कधी सांगितलं नाही तुम्हाला?

मुवोंगे : कधीच नाही. मी एकदा म्हणालो, त्या दिवशी आई आल्या ते किती बरं झालं. ती म्हणाली, हो. आणि भांडी घासायला गेली.

एसेझा : मलाही तेच. मी म्हटलं, तुझा नवरा त्या दिवशी तुला सोडून हलला नाही वाटतं. ती म्हणाली, हो ना. मी म्हटलं, बघा, ही त्याचीच बाजू घेते.

मुवोंगे : आई, आणखी एक सांगायचं आहे. बावन्न कथांचा गठ्ठा आमच्या जेवायच्या टेबलावर पडला होता. तुमची कथा मी सगळ्यात आधी वाचली, कारण ती सगळ्यात वर होती. दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा पिसला. संध्याकाळी पुन्हा तीच वर. मला वाटलं, योगायोग.

एसेझा : माझं अक्षर ओळखते ती. लहानपणी माझ्या दवाखान्याच्या वह्यांवर रेघा तीच मारून द्यायची.

लोविन्सा : मास्तर, किती वेळ? प्रॉसीचं शेवटचं पान चालू आहे, चोर म्हणजे तिची नणंदच निघाली, लोक पाय आपटतायत. आता मला नाव पुकारायचं आहे. असे भिंतीकडं तोंड करून का उभे आहात?

मुवोंगे : आत तुझी आई आहे.

लोविन्सा : माहीत आहे. मीच तर तिला मागच्या पायऱ्यांनी ये म्हणून वाचनालयाच्या नावानं निरोप दिला होता. आई, चहा घेतलास का? तळलेले मंदाजी ठेवलेत तिथं पेटीवर, फडक्याखाली.

एसेझा : लोविन्सा.

लोविन्सा : काय गं?

एसेझा : हे केळीत बसले होते. आणि मी फणसाखाली होते. तू आत एकटी होतीस. पावणेपाच तास.

लोविन्सा : कळलं तर एकदाचं. मी म्हटलं होतं, दोघांना समोरासमोर बोलता येत नाही, पण कथा सुधारता सुधारता कधीतरी पोचतील तिथं. तीन महिने घेतलेत.

मुवोंगे : तुला ठाऊक होतं? त्या दिवशीच?

लोविन्सा : पलंगावरनं फणस दिसायचा की आपल्या जुन्या घरात. हिरवी गोमेसी दिसत होती. एकदा तिनं या पायावरचा भार त्या पायावर घेतला, तेही दिसलं. आणि मागून तुमचा खोकला येत होता. केळीत बसलात की तुम्हाला खोकला येतो.

एसेझा : मग हाक का नाही मारलीस बाळा? एक हाक. मी बूट बघितले नसते, मर्यादा बघितली नसती. धावत आले असते.

मुवोंगे : मीही आलो असतो.

लोविन्सा : तेच ना. मी 'आई' म्हटलं असतं तर हे केळीतच राहिले असते. ह्यांना हाक मारली असती तर तू गाडी पकडली असतीस. कुणालाही हाक मारली असती तरी एकच आलं असतं. मला त्या दिवशी तुम्ही दोघं हवी होतात. म्हणून कुणालाच मारली नाही. पडून राहिले, डोळ्यापुढं तू आणि पाठीमागं हे. घराच्या दोन्ही अंगांना दोघं राखणीला बसलात असं मी मनाला सांगत होते. पहिला तासभर पटलंही.

एसेझा : आणि नंतर?

लोविन्सा : नंतर नाही पटलं.

मुवोंगे : लोविन्सा, मी...

लोविन्सा : आता नको. टाळ्या वाजतायत, प्रॉसी संपली. घरी गेल्यावर बोला, माझ्याशी बोला, आणि तूही आई, आज मुक्काम कर, हे शाळेच्या खोलीत झोपतील. आता एवढंच सांग, वाचणार आहेस का?

एसेझा : शेवट नाही माझ्याकडं.

लोविन्सा : आहे तिथवर वाच. बूट पायरीवर आहेत, आई झाडाखाली आहे, इथं थांब. कागद खाली ठेव. मग आत काय झालं ते मी सांगते. मला कथा लिहिता येत नाही, पण सांगता येतं.

एसेझा : सगळ्यांसमोर?

लोविन्सा : सत्तर बायकांसमोर. त्यातल्या निम्म्या कधी ना कधी फणसाखाली उभ्या राहिल्यात, आणि उरलेल्या आत पडून होत्या. त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

एसेझा : माझे हात बघ कसे हलतायत.

लोविन्सा : कडी काढ. दे इकडं. कागद मी धरते, तू नुसतं वाच. माझ्या हातातला कागद हलला तर कोण ओबुको म्हणतंय बघू.

मुवोंगे : आई, मी टपरीकडं निघतो.

एसेझा : थांबा मास्तर. ती वाक्यं तुम्ही सुधारलीत. ऐकल्याशिवाय कसे जाल?

मुवोंगे : पण मर्यादा?

एसेझा : मी पुढं मंचावर. तुम्ही मागच्या भिंतीशी. मी कागदाकडं बघेन, तुम्ही छपराकडं बघा. मध्ये सत्तर माणसं आहेत. मला वाटतं एवढं पुरतं.

लोविन्सा : कुठलं नाव पुकारू? नान्तुमे?

एसेझा : एसेझा म्हण. एसेझा नालुबेगा. आजीला वाईट नाही वाटायचं.

लोविन्सा : चल तर मग. आणि तुम्ही मास्तर, मागनं येऊ नका. वळसा घालून पुढच्या दारानं या, सगळ्यांना दिसेल असं. बूट पायात घालून या.